टाकी क्रमांक सातमधलं समुद्रफूल

मत्स्यालयात नोकरी करतो म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. मासे झोपतात का? आणि मेलेले मासे तुम्ही घरी नेता का? पहिल्याचं उत्तर असं की झोपतात, पण त्यांना पापण्या नसल्यामुळे ते कळत नाही. दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. मेलेला मासा मोजायचा, मापायचा, रजिस्टरात लिहायचा आणि माडाच्या मुळाशी पुरायचा. आमच्या आवारातले पाच माड त्यामुळे गावातल्या कुठल्याही माडांपेक्षा बरे आहेत.

मी मूळचा डिचोलीचा. आधी आठ वर्षं एका खाणीच्या प्रयोगशाळेत खनिजातलं लोखंडाचं प्रमाण काढत होतो. पेडणे तालुक्यात समुद्राला लागून एक लहानसं मत्स्यालय निघालं, तिथे पाणी तपासणारा माणूस हवा होता, म्हणून मी आलो. मासे मला फक्त ताटातले ठाऊक होते. पण पाणी तपासणं म्हणजे आकडे लिहिणं, आणि तेवढं मला येत होतं. आता वयाची पन्नाशी उलटली आहे. या नोकरीत काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर अंक माझ्याच नावाने काढावा लागेल. एका समुद्रफुलाबद्दल मात्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी जागा समजून घ्या. एक लांब खोली, दोन्ही बाजूंना मिळून अकरा काचेच्या टाक्या, मागच्या अंगाला एक अरुंद बोळ. प्रेक्षक पुढून बघतात, आम्ही बोळात शिड्यांवर उभे राहून वरून हात घालतो. लोकांना मासे दिसतात, आम्हाला पाठी दिसतात. समुद्राचं पाणी आम्ही मे महिन्यातच भरून काळोख्या सिमेंटच्या टाकीत साठवतो. पावसाळ्यात तेरेखोल नदी इतकं गोडं पाणी खाली आणते की केरीच्या मुखापाशी समुद्र निम्मा अळणी होतो. ते मी हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या तरंगत्या नळीने मोजतो. आकडा एक पूर्णांक चोवीस सहस्रांश आला की माझी सकाळ चांगली जाते.

ही गोष्ट घडली तेव्हा आमचं वेगळं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कोंकणी राजभाषा झाली होती आणि मराठीचं काय, यावर घराघरात वाद होते. आमच्या टाक्यांवरच्या पाट्या नव्याने रंगवायच्या होत्या. सातव्या टाकीवर कोणत्या भाषेत काय लिहायचं, यावर दोन प्रेक्षकांनी माझ्यासमोर पंधरा मिनिटं भांडण केलं. तिसरा म्हातारा गृहस्थ एवढा वेळ पापलेटाच्या टाकीपुढे उभा होता. तो वळून मला म्हणाला, "बाब, तें सोड. हातूंतलें हुमणाक बरें खंयचें, तें सांग." म्हणजे यातलं कालवणाला चांगलं कुठलं. शेवटी वरून निर्णय येईपर्यंत पाट्या कोऱ्याच राहिल्या आणि नुसते आकडे रंगवले. दीड वर्ष आमचं समुद्रफूल 'टाकी क्र. ७' एवढ्याच नावाने ओळखलं जात होतं. माझी काही तक्रार नव्हती.

समुद्रफूल हे फूल नाही, प्राणी आहे. खाली एक चिकट पाऊल असतं, त्याने ते खडकाला धरून बसतं. वर बोटांसारख्या शेकडो नळ्या आणि मध्ये तोंड. खायचं त्याच तोंडाने, टाकायचंही त्याच तोंडाने. आमचं समुद्रफूल लक्षद्वीपच्या बाजूने आलेल्या एका बोटीतून वास्कोला उतरलं होतं. तिथून पाण्याच्या डब्यात बसून ते जीपने पेडण्याला आलं. सोबत नारिंगी माशांची एक जोडी होती. दुसऱ्या माशाला त्या नळ्या लागल्या तर तो तडफडतो, पण ही जोडी त्यांच्यात लोळायची, झोपायची, अंडी घालायची. शाळेच्या सहली आमच्याकडे यायच्या त्या सातव्या टाकीसाठी. उमललं की ते मोठ्या परातीएवढं व्हायचं. मी दर महिन्याला काचेवर पट्टी धरून मापायचो. सर्वांत मोठं माप छत्तीस सेंटीमीटर.

बोळात माझ्याबरोबर काम करायची ती पार्वती. आम्ही तिला पारूबाय म्हणायचो. ती मूळची सिंधुदुर्गातली, आरोंद्याकडची. नवरा डिचोलीच्या खाणींवर ट्रकावर, आणि ही केरीला फेरीच्या धक्क्याजवळ भाड्याच्या खोलीत राहायची. रोजंदारीवर होती. काचा आतून पुसणं, तळाची घाण नळीने ओढणं, फरशी धुणं ही कामं तिची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठला मासा आज खात नाही हे ती माझ्या आधी सांगायची. त्या वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी मुख्य कार्यालयात जायची होती. आमच्याकडून एकच नाव होतं, तिचं. सहा वर्षं ती त्याची वाट बघत होती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र उडत नाही. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना खारं पाणी घालायचं नाही, गोडं घालायचं. नवीन माणूस इथेच चुकतो. समुद्राचा प्राणी म्हणून समुद्राचंच पाणी ओतत राहतो आणि महिन्याभरात टाकीचं मिठागर करतो. गोडं पाणी नळाचं, त्याला ब्लीचिंगचा वास. तो वास प्राण्यांना सोसत नाही, म्हणून ते पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात भरून ठेवायचं. वास उडून जातो. सातव्या टाकीला रोज चार लिटर लागायचं.

त्यासाठीचं प्लास्टिकचं पिंप ज्येष्ठात तडकलं. नव्यासाठी मी मागणी लिहून पाठवली. ती मंजूर होईपर्यंत काय करायचं म्हणून मी घरून भाण आणलं. भाण म्हणजे आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं. घरी गॅसचा गिझर आल्यापासून ते माळ्यावर पडून होतं. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे लहानपणापासून ऐकलेलं. आजीसुद्धा देवाचं पाणी तांब्यातच ठेवायची. प्लास्टिकापेक्षा हे सरस, असं मला मनापासून वाटलं. शिवाय मी ते स्वच्छ ठेवलं. दर शनिवारी भिरंडाची, म्हणजे कोकमाची, वापरलेली सोलं आणि मीठ घेऊन मी स्वतः ते आतून-बाहेरून घासायचो. पारूबाय म्हणायची, "बाब, माका दिया, मी घासतंय." मी देत नसे. माझ्यासारखं लख्ख कुणी घासत नाही असा माझा समज होता, आणि तो बरोबरही होता.

श्रावणाच्या मध्यावर समुद्रफूल आजारी पडलं.

पहिल्या दिवशी ते उमललं नाही. ते अधूनमधून होतं, म्हणून मी नुसतं लिहिलं. तिसऱ्या दिवशी नळ्या सुरकुतल्या. पाचव्या दिवशी तोंड उघडं पडलं. निरोगी समुद्रफुलाचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, हे उघडं आणि सैल, आतला भाग बाहेर आल्यासारखा. सातव्या दिवशी त्याचं पाऊल खडकावरून सुटलं आणि ते टाकीत आडवं तरंगायला लागलं. नारिंगी जोडी त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. ते पडेल तिथे जात होती, पुन्हा मागे येत होती.

मी रजिस्टर काढलं. माझ्या रजिस्टरात सात रकाने होते: तारीख, तापमान, खारटपणा, घातलेलं गोडं पाणी, दिलेलं अन्न, दिव्याचे तास, शेरा. दोन महिन्यांचे आकडे मी दोनदा तपासले. तापमान सत्तावीस ते अठ्ठावीस. खारटपणा जिथल्या तिथे. काही चुकलेलं नव्हतं. आकड्यांत चूक नसेल तर चूक माणसाच्या हाताची असली पाहिजे, असं माझ्या मनात आलं, आणि हात घालणारी आम्ही दोघंच होतो. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सफाईच्या वेळी फिनेल?'

ते प्रश्नचिन्ह मी अगदी स्पष्ट काढलं होतं. पण फिनेल पडलं असतं तर मासे आधी मेले असते, आणि मासे ठणठणीत होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी लिहिलं. रकाना कोरा ठेवायची मला सवय नव्हती.

आमचे प्रभारी नाडकर्णी सर आठवड्यातून दोनदा रजिस्टर बघायचे. वाईट माणूस नव्हता. वरून विचारणा झाली तर उत्तर तयार हवं, एवढीच त्यांची काळजी.

"गावस, इथे फिनेल लिहिलंय."

"सर, प्रश्नचिन्ह आहे."

"प्रश्नचिन्हाचं मी वर काय सांगू? फिनेल असेल की नसेल?"

मी म्हटलं, "असू शकेल."

माझ्या नोकरीतले हे दोन शब्द मला परत घ्यायला मिळाले तर मी बाकी सगळं सोडून देईन.

दुसऱ्या दिवशी सरांनी पारूबायला बोलावून सांगितलं की चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस. ती बोळात माझ्याकडे आली. मी शिडीवर होतो.

"बाब, तुमी लिवलात?"

"मी शंका लिहिली, पारूबाय. फक्त शंका."

"मी फिनेलाची बाटली थंय नेवूकच नाय. फरशी धुवून झाली काय ती भायरच्या फळयेर. हात तर तुमच्यादेखत धुतंय मी रोज."

"माहीत आहे."

"म्हायती असा तर मग लिवलात कित्याक?"

ती थोडा वेळ सातव्या टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या फुलाक उजवाडात ठेव नका. त्याका त्रास होता." आणि गेली.

तिचं ऐकून मी समुद्रफूल उजेडापासून दूर, वेगळ्या काचेच्या पेटीत काढलं. हा शुश्रूषेचा भाग बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो. समुद्रफुलाला औषध नसतं. जखमेला मलम नाही, पोटात गोळी नाही. करायचं ते एवढंच की त्याच्याभोवतीचं पाणी निर्मळ ठेवायचं आणि त्याला त्रास द्यायचा नाही. हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुवायचे, साबण नाही. दोन्ही तळवे खाली घालून ते उचलायचं, नळीला धरायचं नाही. पेटीत पाणी ओढणारा पंप असेल तर त्याच्या तोंडावर जाळी, नाहीतर आजारी समुद्रफूल त्यात ओढलं जाऊन फाटतं. तळाला मंगळुरी कौलाचा एक तुकडा, पाऊल रोवायला. दिवा मंद. अन्न बंद, कारण तोंड सैल असताना दिलेलं अन्न आतच कुजतं. रोज पाव हिस्सा खारं पाणी बदलायचं, तापमान आणि मीठ तंतोतंत जुळवून. आणि रोज सकाळी पेटीवर नाक नेऊन वास घ्यायचा. मेलेल्या समुद्रफुलाचा वास एकदा आला की विसरत नाही. तो येत नाही तोवर आशा आहे.

हे सगळं मी नऊ दिवस केलं. आकड्यात कुठे कसूर नाही. आणि ते रोज थोडं थोडं खंगत गेलं. छत्तीसाचं चौदा सेंटीमीटर झालं. तपकिरी रंग जाऊन फिकट, भिजलेल्या कागदासारखं दिसायला लागलं. काचेवर चढणाऱ्या बारीक गोगलगायी सातव्या टाकीतून नाहीशा झाल्या होत्या, हेही मला त्याच दिवसांत दिसलं. लिहून ठेवलं. अर्थ मात्र लागला नाही.

चतुर्थी आली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. पेटीत किती पाणी घालायचं ते रखवालदाराला सांगून मी डिचोलीला गेलो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, विसर्जनाच्या आधी घर पाहुण्यांनी भरलेलं. पंगतीसाठी केलेली सोलकढी जास्त झाली म्हणून कुणीतरी ती दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवली होती. माझी बायको वाढायला गेली आणि एक घोट चाखून तिने तोंड वाकडं केलं.

"कढी कळकली! कलय नाशिल्ल्या आयदनांत आंबट कोणें घाल्लें गो?"

कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट घातलं की ते कळकतं, धातूची कडवट चव धरतं; तसं कुणी घातलं, असं ती विचारत होती. माझी धाकटी भावजय कानकोंडी होऊन म्हणाली, "म्हाका दिसलें, ताजें घासलां, नितळ आसा."

"नितळ आसा म्हणून तर चड कळकता!" घासलेल्या भांड्यात तर जास्तच, असं बायको म्हणाली, आणि अख्खी कढी केळीच्या बुंध्याशी ओतून आली.

मी पानावर बसलो होतो. उठायचंही सुचेना. धातू पाण्यात उतरतो, आंबटाने लवकर उतरतो, वरची काळपट पुटं घासून काढली की आणखी लवकर उतरतो. आठ वर्षं मी प्रयोगशाळेत हेच तर केलं होतं. माणसाला त्या तांब्याने काही होत नाही. माशालाही थोडं सोसतं. पण गोगलगाय, खेकडा, समुद्रफूल यांना ते विष. आणि मी दर शनिवारी सोलं लावून भाण लख्ख घासत होतो. फूल आजारी पडल्यावर तर जास्तच घासत होतो. आजाऱ्याच्या पेटीतही उडालेल्या पाण्याच्या जागी रोज भाणातलंच पाणी घालत होतो.

रजिस्टरात पाणी किती घातलं याचा रकाना होता. कशातून घातलं, याचा नव्हता.

गुरुवारी पहिल्या बसने मी म्हापशावरून पेडण्याला आलो. आधी भाण बाहेर नेऊन उपडं घातलं. मग पेटीतलं सगळं पाणी दोन टप्प्यांत बदललं, करवंटीचा कोळसा धुऊन फडक्यात बांधून त्यात सोडला. गोड्या पाण्यासाठी चिनी मातीच्या दोन बरण्या मागून आणल्या. खात्री करावी म्हणून काचेचे दोन पेले घेतले. दोन्हींत सारखंच खारं पाणी, शेजारच्या टाकीतल्या तीन तीन गोगलगायी. एकात थोडं भाणाचं पाणी, दुसऱ्यात तेवढंच बरणीचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पहिल्या पेल्यातल्या तिन्ही तळाला पडल्या होत्या. दुसऱ्यातल्या तिन्ही काचेवर चढून काठाशी बसल्या होत्या.

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे शंका उरली नव्हती. सर शनिवारी सकाळी कार्यालयात होते. मी त्यांच्या दारावरून तीनदा गेलो आणि आत गेलो नाही.

का गेलो नाही, ते लिहिणं या लेखातलं सर्वांत अवघड काम आहे. मी असं ठरवलं की आधी फूल बरं होऊ दे. ते मेलं तर माझ्या नावावर दोन गोष्टी लागतील, एक खून आणि एक खोटा आळ. वाचलं तर कारण आणि उपाय एकदमच सांगता येईल, आणि ऐकणाराही म्हणेल की असो, निस्तरलं ना. मी बेरीज-वजाबाकी माझ्यापुरती केली. यादी कधी जाणार हे मी कुणालाही विचारलं नाही. पंप बिघडला तर त्याच्या स्क्रूचा नंबर विचारणारा माणूस मी. ते मात्र विचारलं नाही.

फूल बरं होत होतं, हे खरं. सोमवारी तोंड निम्मं मिटलं. मंगळवारी नळ्यांच्या टोकांत पाणी भरलं, ती टोकं मण्यांसारखी टपोरी दिसायला लागली. गुरुवारी सकाळी मी पेटी हलकेच हलवली तर ते जागचं हललं नाही. पावलाने कौल धरलं होतं. एवढा आनंद मला नोकरीत कशाचाच झाला नव्हता. बोळात सांगायला कुणी नव्हतं. शनिवारी चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा कोळंबीचा तुकडा दिला. दोन नळ्यांनी तो धरला, मग तिसरी, चौथी आली, आणि तुकडा आत गेला. मी घड्याळ लावून पंचवीस मिनिटं थांबलो. बाहेर टाकला नाही.

मग मी रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात मावेना म्हणून अख्खं पान घेऊन लिहिलं: 'समुद्रफूल आजारी पडण्याचं कारण तांब्याचं भाण. ते मी आणलं आणि मीच घासत होतो. फिनेलची नोंद चुकीची आहे. पार्वतीबाईंचा यात काहीही संबंध नाही.' खाली सही केली आणि सरांपुढे ठेवलं.

सरांनी दोनदा वाचलं. "गावस, एवढं लिहायची गरज होती का? फूल जगलं ना?"

"सर, तिचं नाव यादीत जायला हवं."

त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "यादी काल गेली."

त्याच दिवशी त्यांनी तिला कामावर परत बोलवायला सांगितलं, वर पत्र लिहिलं, दोनदा फोनही लावला, हे सांगायला हवं. उत्तर आलं की पुढच्या यादीत पाहू.

रविवारी मी केरीला गेलो. पारूबाय दारात बसून सुकटीतला कचरा निवडत होती. मी काही बोलायच्या आधी तिने विचारलं, "फूल मेला?"

"नाही. जगलं. काल खाल्लंन."

तिने सूप खाली ठेवलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, भाण, सोलं, गोगलगायी, रजिस्टरातलं पान. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी नाय."

"तू नाही. मी."

"यादी?"

"शुक्रवारी गेली. तुझं नाव नव्हतं."

"आनी तुमका कधी कळलां?"

खोटं बोलता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "मागच्याच्या मागच्या बुधवारी. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी."

ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायला लागली. सावकाश, एकेक वार पुटपुटत. मी समोर उभा होतो. आजवर मी हजारो आकडे मोजले असतील, पण दुसऱ्याला मोजताना ऐकणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"अकरा दिस," ती म्हणाली.

त्यातल्या दोन दिवसांचं कारण माझ्याकडे होतं, पेल्यांचं. नऊ दिवसांचं नव्हतं.

आतून तिच्या सासूने विचारलं, कोण आलाय गो? पारूबायने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. थोडी सुकट निवडून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "उद्या किती वाजता येव?"

पुढची यादी चार वर्षांनी निघाली. तिचं नाव त्यात पहिलं होतं. पण नोकरीत मागची चार वर्षं कुणाला पुढे जोडता येत नाहीत, आणि ती तिला कधी जोडून मिळाली नाहीत.

समुद्रफूल नंतर पुन्हा तीस सेंटीमीटरपर्यंत गेलं. जोडी त्याच्यात परत राहायला गेली. लोक काचेला नाक लावून बघतात. त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही, असायचं कारणही नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी पारूबाय आली ती थेट बोळात. नळाखाली दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, निथळू दिले आणि टाकीत घालायच्या आधी माझ्यापुढे धरले. तळवे वर करून.

"बघा."

"पारूबाय, मला माहीत आहे."

"बघा आनी लिवा."

मी रजिस्टर घेतलं आणि लिहिलं, 'हात स्वच्छ.' तिने ते काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला लावलं. मग ती शिडी चढली.

तेव्हापासून माझ्या रजिस्टरात आठवा रकाना आहे, हातांचा. आता ती कायम आहे, तिचे केस पिकले आहेत, तिच्या हातांवर शंका घेईल असा माणूस या इमारतीत नाही. तरी रोज सकाळी साडेआठ वाजता ते दोन हात माझ्यापुढे येतात. कितीदा म्हटलं, पारूबाय, आता पुरे, मला लाज वाटते.

ती हात मागे घेत नाही. म्हणते, "लिवा बाब. लिवलेलां बरां."